पतंग तीन फरश्या उजवीकडे

बडोद्याच्या समा भागात ज्या काकूंच्या घरी मी खोली घेऊन राहत होतो, त्यांना डेमो लेसन म्हणजे काय हे समजावून सांगायला मला एक पूर्ण कप चहा लागला.

"म्हणजे मुलगी बघायला येतात तसंच ने?" शेवटी त्या आपल्या बडोदी मराठीत म्हणाल्या.

"तसंच. फक्त पोह्यांच्या जागी गणित."

"आणि पसंत नाही पडलास तर?"

"तर दिवाळीला घरी गेलो की परत यायचं नाही."

काकूंनी कप उचलले. त्यांच्या घरातली माणसं तीन-चार पिढ्यांपूर्वी संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होती, आणि त्यामुळे कुठलीही नोकरी जाऊ शकते यावर त्यांचा मनापासून विश्वास नव्हता. "घालवतात कशाला? एवढा शिकलेला मुलगा," असं भिंतीला सांगून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्याकडे सकाळी भाजी असायची आणि संध्याकाळी तिचंच गुजराती शाक व्हायचं. मला दोन्ही आवडायचं.

परिस्थिती अशी होती. जूनमध्ये मी गोरव्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत हंगामी शिक्षक म्हणून लागलो. आधीच्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मग त्यांनी नोकरीच सोडली. जागा मोकळी झाली. दिवाळीच्या सुट्टीआधी ती कायमची भरायची असं ट्रस्टींनी ठरवलं. मला ठेवायचं की दुसरा कोणी बघायचा, हे एका तासावर ठरणार होतं. त्या तासाला प्रिन्सिपल मॅडम आणि एक ट्रस्टी वर्गात येऊन बसणार होते.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडील तालुक्याच्या बाजार समितीत हमाल. पदवीच्या दिवशी त्यांनी माझं प्रमाणपत्र हातात घेण्याआधी हात धुऊन, पुसून, पुन्हा एकदा पुसले होते. बडोद्याला निघालो तेव्हा आईने विचारलं, "तिथं मराठी कळतं का लोकांना?" मी म्हणालो, भरपूर. ते खरं निघालं. पण शाळेत मला इंग्रजीतून शिकवायचं होतं, आणि माझं इंग्रजी मराठी माध्यमाच्या बाकावर बसून शिकलेलं. एखादं वाक्य सुरू केलं की ते सुखरूप संपेल की नाही याची मलाच धाकधूक असायची. मुलं मात्र भली. मी अडलो की ती हिंदीत, गुजरातीत, कधी मराठीतही मला शब्द पुरवत. त्यातल्या पुष्कळांचे वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यांत होते. सकाळी कंपनीच्या बसने बाप निघायचा आणि त्याच्यामागोमाग पोर शाळेला.

डेमोसाठी मॅडमनी मला आठवीचा वर्ग दिला आणि विषयही. आलेखावर बिंदू मांडणं मुलांना येत होतं. आता त्याच्या पुढचं शिकवा, म्हणाल्या, आकृती सरकवणं. विषय तसा सरळ आहे. आलेखावर एक आकृती असते. तिचा प्रत्येक कोपरा सारख्याच अंतराने, एकाच दिशेने हलवायचा, समजा उजवीकडे तीन घरं आणि वर दोन. म्हणजे आडव्या आकड्यात तीन मिळवायचे आणि उभ्या आकड्यात दोन. आकृती नव्या जागी जशीच्या तशी उभी राहते. मोठी होत नाही, लहान होत नाही, आणि मुख्य म्हणजे वळत नाही.

शाळेत प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड होता. त्याच्यावर बोट लावून आकृती ओढली की ती सरकते. माझं आणि त्या बोर्डाचं फारसं पटत नव्हतं. मी बोट लावलं की आकृती सोडून मागचा कागदच सरकायचा आणि मुलं "सर, फरीथी" म्हणून ओरडायची, म्हणजे पुन्हा करा. ट्रस्टींसमोर हा खेळ नको होता.

मला माझ्या गावच्या शाळेतले गणिताचे सर आठवले. आलेखाचा कागद गावातल्या दुकानात मिळायचा, पण सगळ्यांना परवडायचा नाही. मग सर शाळेच्या ओट्यावर आम्हाला घेऊन जायचे. ओट्याला शहाबादी फरशी होती. खडूने दोन रेषा ओढायच्या, फरशीच्या सांध्यांना आकडे द्यायचे, आणि म्हणायचे, "हा घ्या, पायाखाली फुकटचा आलेख." चिंचोके ठेवून आम्ही बिंदू मांडायचो. मला गणित आवडायला लागलं ते त्या ओट्यावर. त्या सरांचे उपकार मोजायला बसलो तर हा लेख त्यांच्यावरच संपेल, म्हणून पुढे जातो.

तर आमच्या गोरव्याच्या शाळेला मागे एक मोठं पटांगण होतं आणि त्यात चौकोनी सिमेंटच्या फरश्या. मी ठरवलं की चिंचोक्यांच्या जागी मुलंच उभी करायची. चार मुलं, चार कोपरे. आकृती कोणती? बडोद्याच्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी ओळखेल अशी: पतंग. चौघांच्या हातात एक सुतळी, म्हणजे कडा दिसतील. शेपटीचं टोक शाळेच्या फाटकाकडे. मग सगळ्यांनी तीन फरश्या उजवीकडे, दोन पुढे. पतंग सरकला, ट्रस्टी खूश, मी कायम.

मनातल्या मनात हा तास मी इतक्यांदा घेतला की तो झालाच असं मला वाटायला लागलं होतं. फक्त तो नवरात्रात येणार आहे याचा विचार मी केला नव्हता.

बडोद्यात नवरात्रात शाळा चालू असते ही अर्धवट खरी गोष्ट आहे. मुलं येतात, पण त्यांचे पाय आदल्या रात्रीच्या मैदानावर असतात. त्या दिवशी सकाळी आठवीच्या वर्गात अर्ध्या मुलींच्या हाताला मेंदी होती आणि अर्ध्या मुलांच्या डोळ्यांत झोप. एकजण हजेरीला "यस सर" म्हणण्याऐवजी नुसता हात वर करून तसाच राहिला.

ट्रस्टीसाहेब आले. साठीच्या पुढचे गृहस्थ, पांढरा सदरा, हातात मोबाइल. मॅडम त्यांच्या शेजारी. मॅडम मूळच्या बडोद्याच्याच, मराठी. माझ्याशी त्या मराठीत बोलायच्या, पण इतक्या नेटक्या की ते इंग्रजीपेक्षाही अवघड वाटायचं.

वर्गात सुरुवात झकास झाली. फळ्यावर मी चार बिंदू दिले, मुलांनी प्रत्येकात तीन आणि दोन मिळवून नवे बिंदू काढले. एकही चुकला नाही. ट्रस्टीसाहेबांनी मान डोलावली. मग मी सगळ्यांना पटांगणात घेऊन गेलो. सकाळीच येऊन मी खडूने दोन्ही अक्ष ओढून ठेवले होते, आकडे घातले होते, आडव्या रेषेच्या टोकाला चांगला मोठा बाणही काढला होता. चौघं आपापल्या सांध्यावर उभी राहिली. शेपटीच्या टोकाला एक उंच मुलगी होती, वर्गातली सगळ्यात बडबडी. बाकीची मुलं कडेने.

"रेडी?" मी म्हणालो. "तीन उजवीकडे."

चौघं तीन फरश्या सरकली.

"दोन पुढे."

चौघं दोन फरश्या पुढे आली, आणि शेपटीवाल्या मुलीने, एकदम सहज, टाळी वाजवली.

पाहतो तर पतंग कुठे होता? सुतळी मध्ये लोंबत होती. चौघं जवळजवळ एकमेकांच्या अंगावर आली होती, आणि शेपटीचं टोक फाटक सोडून पाण्याच्या नळांच्या दिशेने गेलं होतं. आकृती वळली होती आणि आकसलीही होती.

"आ तो गरबा छे!" ट्रस्टीसाहेब म्हणाले.

कडेची मुलं खो खो हसायला लागली. एकाने तोंडाने ढोलही सुरू केला. माझे कान गरम झाले. मी म्हणालो, "पुन्हा. आपापल्या जागी." ती जागी गेली. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा तेच केलं, या वेळी आणखी ठेक्यात.

"अरे, फळ्यावर तर बरोबर केलंत!" मी जरा आवाज चढवून म्हणालो.

"सर, इथेही बरोबरच केलं," एक मुलगा म्हणाला. "तीन आणि दोन. मोजा ना."

खरंच मोजून चाललं होतं पोरगं. तेव्हा शेपटीवाल्या मुलीने विचारलं, "सर, कोनुं जमणुं?" म्हणजे कोणाचं उजवं?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.

बडोद्यातली चार मुलं एका सुतळीला धरून उभी केली की ती कुठे तोंड करतील? मध्याकडे. ते त्यांना शिकवावं लागत नाही. चालायला लागल्यापासून ती गोलात उभी राहून मधल्या गरब्याकडे, म्हणजे माताजीच्या घटाकडे, बघत आलेली असतात. आणि चौघं मध्याकडे तोंड करून उभी असली की चौघांचं उजवं चार वेगळ्या दिशांना असतं. आपापल्या उजवीकडे गेली की गोल फिरतो. आपापल्या पुढे गेली की सगळी आत येतात, आणि आत आल्यावर बडोद्याचं मूल टाळी वाजवणार नाही तर काय करणार? चौघांनी अंतर अगदी सारखं कापलं होतं. दिशा तेवढी प्रत्येकाची स्वतःची होती.

फळ्यावर ही अडचण येत नाही. तिथे आपण सगळे आकृतीच्या बाहेर असतो, एकाच बाजूने बघत. माझ्या गावच्या ओट्यावर चिंचोके होते, आणि चिंचोक्याला तोंड नसतं.

हे सगळं मला आत्ता लिहिताना ओळीने सुचतंय. तेव्हा फक्त घाम सुचत होता. कोपऱ्यातून मॅडम माझ्याकडे बघताहेत हे मला न बघता कळत होतं. दिवाळीला घरी जायची गाडी, तिच्यातली माझी पेटी, आई दारात, असं सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"सगळ्यांनी झेंड्याच्या खांबाकडे तोंड करा," मी म्हणालो.

खांब पटांगणातच होता, मुलांपासून थोड्याच अंतरावर. चौघांनी त्याच्याकडे तोंड केलं. तीन उजवीकडे, दोन पुढे. या वेळी पतंग फारसा फिरला नाही, पण चेपला. डावीकडचा मुलगा आणि उजवीकडचा मुलगा तिरके चालत आले, त्यांचे पाय सांध्यांवर न पडता फरशीच्या मधोमध पडले.

"सर, आता खांब माताजी झाला," शेपटीवाली म्हणाली.

पुन्हा हशा. ट्रस्टीसाहेबही हसले. पण तिने सांगितलं ते अचूक होतं. जवळच्या एका वस्तूकडे सगळ्यांनी तोंड केलं की ती वस्तूच मध्य होते. मध्य नकोच होता. असं काहीतरी हवं होतं जे इतकं लांब असेल की चौघांनी बघितलं तरी चौघांच्या नजरा एकमेकींना समांतर राहतील.

मी भिंतीपलीकडे बघितलं. कारखान्यांच्या पत्र्यांच्या वर, पार लांब, खडूच्या उभ्या रेषेच्या सरळ समोर, पाण्याची एक उंच टाकी दिसत होती.

"ती टाकी दिसते?"

"हो सर."

"आता एकमेकांकडे बघायचं नाही. सुतळीकडे नाही, माझ्याकडे नाही. टाकीकडे. तीन उजवीकडे."

चौघं सरकली. एका मुलाची मान सवयीने आत वळली तर कडेच्या साऱ्या वर्गाने आरोळी ठोकली, "टाकी! टाकी!" त्याने मान सरळ केली.

"दोन पुढे."

पतंग उभा होता. सुतळी ताणलेली, शेपटी जिथे हवी तिथे, फाटकाच्या बाजूला. चौघांचेही पाय सांध्यांवर. मग त्या मुलीने टाकीवरची नजर न काढता विचारलं, "सर, आता टाळी?"

"आता वाजव," मी म्हणालो, आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

त्यानंतर मुलं ऐकेनात. प्रत्येकाला कोपरा व्हायचं होतं. कोणीतरी उणे तीन सुचवलं, म्हणजे डावीकडे, ते केलं. कोणीतरी म्हणालं, आता मुद्दाम फिरवूया, तेही केलं. घंटा झाली तेव्हा वर्ग टाकीकडे तोंड करून आडवा-आडवा चालत पटांगणातून जिन्याकडे निघाला होता. झोप कुणाच्याच डोळ्यांत नव्हती.

मधल्या सुट्टीत मॅडमनी ऑफिसात बोलावलं. ट्रस्टीसाहेब खुर्चीत आरामात बसले होते.

"बहु सरस," ते म्हणाले. "आधी चुकवायचं आणि मग दाखवायचं. ही नवीन पद्धत आहे ना? माझी सून बी.एड. करते, ती सांगत होती. मुलं अशी विसरत नाहीत."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"मला तेच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी मुलं चुकली, ते तुम्ही मुद्दाम होऊ दिलंत का?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. ट्रस्टीसाहेबांनी वाक्यसुद्धा तयार करून दिलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. मला घर आठवलं, आणि दिवाळीची गाडीही पुन्हा आठवली. पण खरं सांगायचं तर मला त्याहून एक साधी भीती वाटली. हो म्हणालो तर या मॅडम दरवर्षी माझ्याकडून असली नवीन पद्धत मागतील, आणि ती माझ्याकडे नाही.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "मला वाटलं होतं पहिल्याच वेळी जमेल. मुलं मध्याकडे तोंड करून उभी राहतील हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी बडोद्याचा नाही ना."

ट्रस्टीसाहेबांचा चेहरा जरासा उतरला. मी पायाखालच्या फरशीकडे बघत राहिलो.

"मग खांब?"

"खांबही चुकलाच."

"आणि रेषेच्या टोकाला तुम्ही हा एवढा बाण काढला होता. 'बाणाच्या दिशेने चला' म्हटलं असतं तर झालं नसतं? टाकीपर्यंत कशाला गेलात?"

बाण! सकाळी अर्धा खडू त्या बाणात गेला होता. "झालं असतं," मी म्हणालो. "सुचलं नाही."

मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या ट्रस्टीसाहेबांकडे वळून गुजरातीत म्हणाल्या की मुलाच्या प्रश्नाला उत्तर येत नसताना हे तोंड बंद ठेवून विचार करतात, आपल्याकडे निम्म्या जणांना हे जमत नाही. मग मला मराठीत, नेहमीच्या त्या नेटक्या सुरात, "मी तुमचा चेहरा बघत होते. मुद्दाम केलं म्हणाला असतात तर मला खोटं कळलं असतं. दिवाळीनंतर सहावीही घ्या. आणि तो स्मार्ट बोर्ड शिकून घ्या, तो शाळेने हौसेने घेतलाय."

"पण पद्धत सारी हती," म्हणजे चांगली होती, असं ट्रस्टीसाहेब म्हणाले आणि त्यांनी मला हात दिला.

मी वाकून नमस्कार करणार होतो, पण मध्ये टेबल होतं. ऑफिसच्या बाहेर येऊन मी आधी वडिलांना फोन लावला. बाजार समितीत नेहमीचा गोंगाट होता.

"ठेवलं का रे?"

"ठेवलं, आबा. कायम."

"कायम म्हणजे? दिवाळीनंतर पण?"

"दिवाळीनंतर पण. त्याच्यापुढे पण."

पलीकडे ते कुणालातरी मोठ्याने सांगताना ऐकू आले, "पोरगं कायम झालं! बडोद्याला!" मग माझ्याशी काही न बोलता फोन ठेवला. त्यांना बोलायचं असतं तेव्हा ते बोलत नाहीत.

मोबाइल खिशात टाकून वळलो तर चौघं कोपरे समोर. पाण्याच्या बाटल्या हातात, आम्ही पाणी प्यायला आलो असं चेहऱ्यावर, आणि नळ पटांगणाच्या पार त्या टोकाला. शेपटीवाली पुढे.

"सर, तमे रहेवाना छो ने?" राहणार ना तुम्ही?

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्या वर्गाला माहिती आहे, सर. सांगा ना."

"राहणार आहे."

त्यांनी असा काही आरडाओरडा केला की ऑफिसचं दार उघडलं. दारात मॅडम. क्षणात चौघं सरळ उभी राहिली. मॅडम त्यांच्याकडे एकदा बघून आत गेल्या. मुलीने आवाज खाली आणला आणि गोड करून विचारलं, "मग सर, आज खुशीत होमवर्क नाही ने?"

रात्री त्यांना पुन्हा मैदानावर जायचं होतं, हे मला ठाऊक होतं. मला स्वतःलाही होमवर्क नाही म्हणावंसं वाटत होतं. मी घसा साफ केला, आणि कायम झालेल्या शिक्षकाला शोभेल असा आवाज काढून म्हणालो, "आहे. एक त्रिकोण, चार घरं डावीकडे, एक खाली. वहीत."